1918 साली पाऊस रुसला होता

'तुंबाड' हा चित्रपट 2018 साली पडला तो प्रेक्षकांच्या करंटेपणामुळे, असं म्हणायची आता पद्धतच पडून गेली आहे. सिनेमावर लिहिणारे म्हणतात, फिल्म सोसायटीत बोलणारे म्हणतात आणि पावसाळ्यात कॅमेरे पाठीला लावून विसापूर चढणारी आमच्याकडची पोरंही म्हणतात. 13 सप्टेंबर 2024 ला चित्रपट पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. तेव्हापासून तर या म्हणण्याला साक्षीपुरावाच मिळाल्यासारखं झालंय. आता या चित्रपटात काही खोट काढली की समोरचा तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्हीच सहा वर्षांपूर्वी दारात उभं राहून त्याचे खेळ बंद पाडले होते.

चित्रपट मला आवडतो. त्याच्या भक्तांचे युक्तिवाद आवडत नाहीत. ते ऐकायला भारदस्त असतात, पण हात लावला की ढासळतात. आणि त्यांच्यापायी मावळात एक पिढी चुकीचा धडा गिरवत बसली आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी तो करंटेपणाचा आरोप निकालात काढू. 'स्त्री' आला 31 ऑगस्ट 2018 ला. 'अंधाधुन' 5 ऑक्टोबरला, 'तुंबाड' 12 ऑक्टोबरला आणि 'बधाई हो' 18 ऑक्टोबरला. म्हणजे सात आठवड्यांच्या आत याच प्रेक्षकांनी एक भुताचा चित्रपट डोक्यावर घेतला, आंधळ्या पियानोवाल्याची तिरपागडी खूनकथा डोक्यावर घेतली आणि उतारवयात दिवस गेलेल्या बाईची गोष्ट कुटुंबासकट जाऊन पाहिली. यांपैकी एकातही कुणी खान नव्हता. असा प्रेक्षक मठ्ठ कसा? 'तुंबाड'ला तेव्हा पडदे किती मिळाले, जाहिरात किती झाली, दोन गाजत्या चित्रपटांच्या मधे तो कसा सापडला, हा धंद्याचा हिशोब आहे. त्याचं खापर अभिरुचीच्या डोक्यावर फोडायचं कारण नाही. आणि 2024 साली जी गर्दी झाली तिच्यातल्या पुष्कळांनी तो आधी घरी, मोबाइलवर किंवा टीव्हीवर पाहिलेला होता. अंधार आणि पाऊस मोठ्या पडद्यावर बघायला ती माणसं आली. छानच झालं. पण त्यातून चित्रपट निर्दोष असल्याचं सिद्ध होत नाही. तो मोठ्या पडद्यावर सुंदर दिसतो एवढंच सिद्ध होतं. त्याबद्दल कुणाचं दुमत कधी नव्हतंच. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाला, कलादिग्दर्शनाला आणि ध्वनीला फिल्मफेअर पुरस्कार पहिल्याच वर्षी मिळालेले आहेत.

खरी भानगड दुसऱ्या युक्तिवादात आहे. भक्त सांगतात की 'तुंबाड' ही नुसती भयकथा नाही, ते इतिहासाचं रूपक आहे. सरंजामशाही, वसाहतवाद, स्वातंत्र्य, सगळं वाड्यातल्या त्या विहिरीत आहे. लोभाचा इतिहास आहे तो. पडद्यावर तीन सालं ठळक येतात: 1918, 1933, 1947. मग लेखांचे रकाने भरतात.

बरं. चित्रपटाने स्वतःहून सालं लिहिली आहेत, तर ती तपासून पाहायला हरकत नसावी.

1918 पासून सुरुवात करू. तुंबाडमध्ये पाऊस थांबत नाही. लोभी देवीपुत्र हस्तरचं देऊळ बांधलं म्हणून देवांचा कोप झाला आणि तो कोप पाऊस होऊन कोसळतो आहे, अशी कथा. आता प्रत्यक्ष 1918 काय होतं? आपल्याकडे मोसमी पावसाच्या नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या सर्वांत कोरड्या वर्षांपैकी ते एक. देशाची पावसाची सरासरी जवळजवळ चौथाईने घटली. दख्खनमध्ये दुष्काळ पडला. युद्धामुळे धान्य आधीच महागलं होतं, ते आणखी आवाक्याबाहेर गेलं. म्हणजे तुंबाडवर आभाळ फाटलेलं असताना घाटावरचा माणूस कोरड्या आभाळाकडे बघत बसला होता.

यावर चाहते लगेच म्हणतात की तो पाऊस नैसर्गिक नाहीच, तो शाप आहे. त्याला हवामानखात्याचे आकडे कशाला लावता? अगदी मान्य. तो शाप आहे हे मान्य केलं म्हणूनच माझी तक्रार वाढते. सगळा मुलूख पाण्यासाठी टाचा घासतो आहे आणि एका गावावर पाऊस थांबायला तयार नाही, यापेक्षा भयंकर शाप कोणता? घाटावरून गुरंढोरं घेऊन माणसं त्या गावाच्या वेशीपर्यंत आली असती. पाणी दिसतंय, पण पिऊ नका म्हणून सांगायला कुणीतरी उभं असतं. इतिहासाने ही गोष्ट आयती वाढून ठेवली होती. चित्रपटाने ताटाकडे पाहिलंदेखील नाही. 1918 हा आकडा तिथे आहे तो फक्त जुनं वाटावं म्हणून. त्याजागी 1908 लिहा, 1896 लिहा, एक चौकटसुद्धा बदलावी लागणार नाही.

आणि 1918 म्हणजे काय फक्त पाऊस? महायुद्धाचं ते शेवटचं वर्ष. पुणे, सातारा, रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर एक छोटी संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा तो वेढा चालला. घोडे कापून खायची पाळी आली. जे शरण गेले त्यांना वाळवंटातून पायी हाकललं, त्यात किती वाटेतच गेले. महारांची भरती सरकारने किती वर्षं बंद ठेवली होती. माणसं कमी पडायला लागली तशी 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर 1921 मध्ये मोडून टाकली. बोटींतून सैनिक परत येत होते आणि त्याच बोटींतून तापाची साथ मुंबईत उतरत होती. 1918 च्या पावसाळ्यानंतर त्या साथीनं देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीचा माणूस किती होता ते सांगायला नको. ती साथ त्याच्या पडशीतून कोकणात गेली.

चित्रपटात नायक विनायकची आई दोन पोरांना घेऊन वाड्यापासून दूर राहते. घरात पुरुष नाही. आजूबाजूला माणूस नाही. घरातच एक शापित म्हातारी साखळीला बांधलेली. हे सगळं 1918 साली घडतंय असं तुम्ही मला सांगता, तर गावात माणसं का नाहीत याचं उत्तर त्या सालातच होतं: काही युद्धावर गेली, काही साथीत गेली. चित्रपटाला मात्र माणसं नकोत ती केवळ एकांत वाटावा म्हणून. भयकथेला एकांत लागतो, खरंच आहे. पण कारणासकट आलेला एकांत जास्त वेळ अंगावर राहतो.

आता 1933. विनायक मोठा होऊन तुंबाडला परततो. म्हातारीच्या शरीरातून झाड उगवलंय, ती अजून जिवंत आहे, मरण मागते आहे. हे दृश्य माझ्या मते आपल्याकडच्या भयपटांतलं सर्वांत चांगलं दृश्य आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ही कथा पहिल्यांदा ऐकली ती नारायण धारपांची म्हणून, एका मित्राच्या तोंडून, नागझिऱ्याच्या जंगलात, 1993 साली. धारपांच्या त्या 'आजी' कथेचं मूळ पुन्हा स्टीफन किंगकडे जातं. त्यानं काही बिघडत नाही. भुतं अशीच गावोगाव फिरतात. तर ती म्हातारी भारी आहे, यात वाद नाही. वाद आहे तो बाहेर काय चाललंय याचा.

1933 च्या ऑक्टोबरमध्ये अलिबागजवळच्या चरी गावात कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप थोडाथोडका नाही, 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं पडीक ठेवून माणसं लाकूडफाटा विकून जगली, पण खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. म्हणजे कोकणात 'सरकार' म्हणवून घेणाऱ्या घरांच्या पायाखालची जमीन नेमकी या वर्षांत हलत होती. आणि आपला विनायक त्याच वर्षांत कोकणात येतो, विहिरीत दोर सोडतो, हस्तरला भुलवायला पिठाची बाहुली टाकतो, त्याच्या मोहरा घेऊन पुण्याला जातो. त्याच्या वाटेवर एकही कूळ उभं राहत नाही. एकही माणूस विचारत नाही की सरकारांच्या वाड्यात हे सोनं आलं कुठून.

चित्रपटाचं उत्तर ठरलेलं आहे: सोनं देवीच्या गर्भातून आलं. आणि इथे माझं या रूपकवाल्यांशी खरं भांडण आहे. कोकणातल्या वाड्यांत सोनं आलं ते अर्धेलीतून आलं, वेठीतून आलं, सारा वसूल करताना वर लावलेल्या पायल्यांतून आलं. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' 1987 ची. जिचं गाव चित्रपटाने शीर्षकात घेतलं, तिच्या नावातच खोत आहेत. चित्रपटाने गाव घेतलं आणि खोत तिथेच सोडले. लोभावर एवढं बोलणाऱ्या चित्रपटात ज्याच्या तोंडचा घास काढून घेतला तो माणूसच नाही. लोभाचा बळी कोण? तर लोभी माणूस स्वतः आणि त्याचं पोर. घरातल्या घरात सगळा हिशोब मिटला. हे रूपक असेल तर वाड्याने स्वतःविषयी रचलेलं रूपक आहे, आणि वाड्याला ते फार सोयीचं आहे.

कुणी म्हणेल, तो राघव सावकार आहे की. अफूच्या परवान्यासाठी गोऱ्या अंमलदारापुढे वाकणारा, घरातल्या विधवा सुनेला विनायकच्या दाराशी पाठवणारा. आहे, आणि चित्रपटात इतिहासाची खरी धग कुठे लागत असेल तर याच भागात. म्हणून तर तो पटकन विहिरीत उतरवून संपवला याचं वाईट वाटतं. त्याच्या दुकानात चित्रपट अजून पंधरा मिनिटं थांबायला हवा होता. 1947 बद्दल फार बोलत नाही. स्वातंत्र्य येतं आणि सरकार वाडा ताब्यात घेणार म्हणून घाई होते, एवढाच त्याचा उपयोग. खोती जायला प्रत्यक्षात 1949 चा कायदा यावा लागला, पण दोन वर्षांवरून कुणाला धरणं हा कद्रूपणा होईल.

या ठिकाणी हमखास तिसरा युक्तिवाद येतो. अहो, भयपट आहे तो. त्याच्या गळ्यात इतिहासाचं लोढणं कशाला बांधता? गंमत अशी की रूपकाचा डंका वाजवणारेच हे म्हणतात. पाच मिनिटांपूर्वी त्याच गळ्यात इतिहासाची माळ घालून ते नाचत होते. तरी उत्तर देतो, आणि त्यासाठी जरा लांब जातो.

मायकल मान यांचा 'द कीप' नावाचा चित्रपट आहे, 1983 चा. त्याला वाईट म्हणायला मी अजिबात कचरणार नाही. 1941 साल, रुमानियातली खिंड, तिथला एक जुना कोट. जर्मन तुकडी येऊन तळ ठोकते. तुकडीचा अधिकारी कोट निरखतो आणि त्याच्या लक्षात येतं की बांधकाम उलटं आहे: लहान दगड बाहेर, प्रचंड चिरे आत. बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी हा बांधलेलाच नाही. आतलं काहीतरी बाहेर पडू नये म्हणून बांधलाय. भिंतींत क्रूस बसवलेले आहेत. रात्री पहाऱ्यावरच्या दोघा शिपायांना त्यांतला एक चांदीचा असल्याचं दिसतं. ते तो उपटून काढतात. पुढचं सांगायला नको.

लोभाने भिंत फोडली आणि आतलं बाहेर आलं. कथेचा सांगाडा थेट 'तुंबाड'चा. पण बाहेर आलेला तो प्राणी एका आजारी ज्यू प्राध्यापकापुढे उभा राहून म्हणतो की मला इथून बाहेर काढ, मी या नाझींचा फडशा पाडतो. आता सांगा, त्या म्हाताऱ्याने काय करावं? छळछावणीतून त्याला खेचून आणलेलं आहे. कोटात जर्मन सैनिकांचा खाटीकखाना मांडणारं ते भूत त्याला तारणहार वाटतं. या प्रश्नातून युद्ध काढून टाका, चित्रपट उभाच राहत नाही. 1941 हा आकडा खोडून तिथे दुसरा लिहिता येत नाही. मी एवढंच म्हणतोय.

बाकी 'द कीप'ची अवस्था बघवत नाही. मान यांनी साडेतीन तासांची आवृत्ती जुळवली होती, स्टुडिओने ती कापत कापत शहाण्णव मिनिटांवर आणली. विशेष दृश्यांची जबाबदारी असलेले वॉली व्हीव्हर्स काम अर्धवट असताना वारले. कोणता तुकडा कुठे जोडायचा हे त्यांच्या डोक्यात होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. प्राणी आधी नुसता धूर आणि दोन लाल डोळे असतो तेव्हा अंगावर काटा येतो. नंतर त्याला रबरी अंग फुटतं आणि भीती पळते. नायक-नायिकेचं प्रेम इतक्या अचानक जुळतं की मधलं रीळ हरवलं की काय असं वाटतं, आणि बहुधा हरवलेलंच आहे. मूळ कादंबरीकार एफ. पॉल विल्सन चित्रपटावर भयंकर चिडले. तिकीटबारीवर तो आपटला. कित्येक वर्षं त्याची अधिकृत डिस्कसुद्धा मिळत नव्हती. टँजरीन ड्रीमचं संगीत, वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत उभारलेलं ते गाव आणि धुकं, एवढ्यावर त्याचे भक्त चाळीस वर्षं टिकून आहेत.

त्या भक्तांचा युक्तिवादही ठरलेला: साडेतीन तासांची आवृत्ती सापडू द्या, मग बघा. ही सबब मला आपल्या करंट्या प्रेक्षकांच्या सबबीची मावसबहीणच वाटते. एकात दोष स्टुडिओच्या कात्रीचा, दुसरीत तिकीट न काढणाऱ्याचा. चित्रपट दोन्हींतून सोवळ्यात राहतो. जो चित्रपट आपल्यासमोर नाही त्याच्यावर श्रद्धा ठेवता येते, त्याबद्दल वाद घालता येत नाही. समोर शहाण्णव मिनिटं आहेत. त्यांत रबरी भूत आहे आणि त्या म्हाताऱ्यापुढचा तो प्रश्नही आहे. दोन्ही मोजा.

'तुंबाड'ला तर ही सबबही उरत नाही. 'द कीप'च्या नशिबी जी दुसरी संधी आली नाही ती 'तुंबाड'ला भरभरून मिळाली. 2012 साली चित्रीकरण झालं, जोडून पाहिल्यावर कर्त्यांनाच समाधान वाटलं नाही, पटकथा पुन्हा लिहिली, पुन्हा चित्रीकरण केलं, 2015 मध्ये ते संपलं आणि मग दृश्यपरिणामांत आणखी वर्षं गेली. पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्याची वाट पाहिली. ही चिकाटी थोर आहे, निर्माते सोहम शाह यांनी पैसा आणि धीर दोन्ही लावले. पण भक्त ती चिकाटीच गुण म्हणून पुढे करतात, तेव्हा हसू येतं. इतकी वर्षं हातात असताना एका कुळाला दारात उभं करायला वेळ मिळाला नाही, असा त्याचा अर्थ मी लावला तर?

आता मावळाकडे येतो, कारण माझा राग तिथूनच सुरू झाला. लोणावळा-कामशेत पट्ट्यात हल्ली लघुपट करणाऱ्या पोरांच्या टोळ्या आहेत. चांगली, मेहनती पोरं आहेत. ड्रोन आहे, संकलन येतं, पावसात भिजायची तयारी आहे. विचारलं काय करताय, तर उत्तर एकच: मावळचा तुंबाड. म्हणजे काय? तर पडका वाडा, कंदील, धो धो पाऊस, धोतर, काहीतरी पुरलेलं धन आणि कोपऱ्यात सालाचा आकडा. गडावर गुप्तधन हे तर ठरलेलंच. लोहगड 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला तरी यांच्या पटकथेत तिथे कुदळ चालतेच. पडद्यावर चालू दे, पण गुप्तधनासाठी अघोरी विधी करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा असली उकरणारी माणसं खरोखर आहेत म्हणूनच करावा लागला, एवढं तरी ध्यानात असावं.

बरं, गुप्तधनच हवं असेल तर खरं घ्या. नाना फडणवीस मार्च 1800 मध्ये वारले. लोहगड त्यांच्या माणसाच्या, धोंडोपंत नित्सुऱ्यांच्या ताब्यात होता आणि नानांची विधवा जिऊबाई गडावर आसऱ्याला होती. खाली पेशवा बाजीराव टपलेला, दौलतराव शिंदे टपलेला, इंग्रज येऊन बसलेले. नानांचा पैसा गडावर आहे ही सगळ्यांची खात्री. एक तरुण विधवा, एक स्वामिनिष्ठ किल्लेदार आणि दरवाज्याबाहेर सगळा हिंदुस्थान. 1803 मध्ये जनरल वेलस्लीने मधे पडून तिला सुखरूप बाहेर काढायची हमी दिली. यात एकही भूत नाही, हवं तर घाला. पण घालताना ते कुणाच्या बाजूचं आहे हे आधी ठरवा.

याहून मोठी गोष्ट तर तुमच्या डोक्यावर रोज कोसळते आहे. 'तुंबाड'मध्ये पाऊस आणि सोनं यांचा एकमेकांशी संबंध काय, या प्रश्नाला चित्रपटाकडे दंतकथेपलीकडे उत्तर नाही. मावळात त्याला सरकारी कागदपत्रांसकट उत्तर आहे. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांत आमचा पाऊस अडवला, नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडला आणि फेब्रुवारी 1915 पासून, महायुद्ध पेटून सहा महिने होत असताना, त्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पावसाचं सोनं झालं. मग आंद्रा मावळात ठोकळवाडी, मग शेजारी मुळशी. मुळशीच्या मावळ्यांनी 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तिथूनच सेनापती झाले, तरी धरण झालं आणि गावं बुडाली. अर्ध्या शतकाने पवनेवर धरण आलं. तुंग, तिकोना आणि लोहगडाच्या मधोमध त्या पाण्यात वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. वर्षाचे कितीतरी महिने बुडालेलं असतं, उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळ माखलेले खांब उघडे पडतात आणि माणसं चालत दर्शनाला जातात. काठावर तंबू टाकून राहायला आलेले पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात. ज्यांची शेतं त्या देवळाच्या आसपास होती त्यांच्यातले कितीतरी अजून पुनर्वसनाची वाट पाहताहेत. या पाण्याची नळवाहिनी शहराकडे न्यायला विरोध केला म्हणून 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, त्यात तीन शेतकरी गेले.

देवीच्या गर्भात उतरून सोनं काढायची कल्पना आमच्याकडे रूपक नाही, तो एक नोंदवलेला प्रकल्प आहे. आणि इथली पोरं ते सोडून पिठाची बाहुली मळत बसली आहेत.

इथे एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'तुंबाड'च्या त्या सगळ्या पावसात शेत लावणारं माणूस दिसत नाही. कोकणात, पावसाळ्यात! आमच्याकडे जुलैत रस्त्याने जाताना बघा: चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीने वाकलेल्या, पाठीवर इरलं किंवा आता प्लॅस्टिकचा कागद, एका हातात रोपांची जुडी, दुसऱ्या हाताची बोटं गाळात जाताहेत आणि मागे सरकताहेत. वडगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तिथे लावला जातो. दिवसभर उभ्या पावसात. पावसाला भुतासारखं वागवायला शहरातून यावं लागतं. खेड्यातल्या माणसाला तो न येण्याची भीती असते, आणि आला तर त्याच्यातलं पीक कोण नेणार याची. 1918 मध्ये तर दोन्ही भीती एकत्र आल्या होत्या.

मग चित्रपट वाईट का? नाही. गर्भाच्या त्या भिंती, मांसल, ओल्या, श्वास घेतल्यासारख्या हलणाऱ्या. पिठाचं रिंगण आणि त्याच्या काठावर चाटत येणारा हस्तर. मोहम्मद समदने एकाच चित्रपटात केलेला विनायकचा मुलगा पांडुरंग आणि ती म्हातारी. बाप आपल्या पोराला दोर धरायला शिकवतो त्या प्रसंगात तर भूत येण्याआधीच जीव घाबरतो. शेवटी पांडुरंग बापाने पुढे केलेलं धन घेत नाही. ज्या चित्रपटात हे आहे त्याला माझ्या दाखल्याची गरज नाही. मात्र हे सगळं वाड्याच्या आतलं आहे. वाड्याबाहेर पाऊल पडलं की चित्रपट फक्त सुंदर दिसतो. पुरंदऱ्यांच्या सासवडच्या वाड्याची भिंत दिसते, गवताळ माळ दिसतो, ढग दिसतात, माणूस दिसत नाही. आतला 'तुंबाड' थोर आणि बाहेरचा पोकळ, असं माझं मत आहे. चाहत्यांनी आतल्याचं प्रमाणपत्र बाहेरच्यालाही चिकटवलं, त्यावर माझी हरकत आहे.

सोहम शाह यांनी दुसऱ्या भागाची घोषणा केलेली आहे. राही अनिल बर्वे त्यात नाहीत. तेव्हा गर्भाच्या भिंती पुन्हा तितक्या जमतील की नाही, शंकाच आहे. बाहेरचं जमवायला मात्र राही असलेच पाहिजेत असं नाही. त्यासाठी अलिबागला जाऊन चरीच्या संपाची माहिती काढली तरी पुरे, आणि दुसऱ्या भागात पहिल्यांदा दार वाजेल तेव्हा ते कुळाने वाजवलेलं असावं. हातात मागल्या सहा वर्षांचा हिशोब घेऊन.